काठावरचं अंडं

१९८० साली जगात काळे रॉबिन पाच होते. एखाद्या जातीचे पक्षी किती उरले हे सांगताना अभ्यासक सहसा 'सुमारे', 'अंदाजे', 'दोनशे ते अडीचशे' अशी भाषा वापरतात, कारण रानातला पक्षी शिरगणतीला हजर राहत नाही. इथे अंदाजाची गरजच उरली नव्हती. पाचही पक्षी एकाच बेटावर राहत होते, त्यांच्या पायांत रंगीत कडी होती आणि त्यांच्यावर पाळत ठेवणारी माणसं त्यांना कड्याच्या रंगावरून नावानं ओळखत होती. तीन नर आणि दोन माद्या. त्या दोघींपैकी एकीचीच पिल्लं जगत होती. तिच्या पायात निळं कडं होतं, म्हणून ती 'ओल्ड ब्लू'. पिवळ्या कड्याचा तिचा जोडीदार 'ओल्ड यलो'.

आज काळे रॉबिन अडीचशे-तीनशेच्या घरात आहेत, आणि ते सगळेच्या सगळे या एका जोडप्याचे वंशज आहेत. न्यूझीलंडमध्ये ही गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत असते. ती सांगायची एक ठरलेली रीतही आहे: म्हातारी चिवट पक्षीण, जिद्दीची माणसं आणि शेवट गोड. यातलं काही खोटं नाही. पण या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे. तो फारसा सांगितला जात नाही आणि मला तो पूर्वार्धापेक्षा मोलाचा वाटतो. मात्र पूर्वार्ध नीट पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागायचा नाही.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. घड्याळ न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे आणि वारा जवळजवळ बारमाही. मोरिओरी लोकांची ही भूमी; मोठ्या बेटाला ते रेकोहू म्हणतात. १८३५ साली न्यूझीलंडहून आलेल्या माओरी टोळ्यांनी त्यांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केलं. त्याच्या आगेमागे सील मारणारे, देवमासे मारणारे आणि मग मेंढ्या पाळणारे युरोपीय आले. माणसांबरोबर मांजरं आली, उंदीर आले. कुरणांसाठी जंगलं जाळली गेली. या बेटांखेरीज जगात कुठेच नसलेले कितीतरी पक्षी त्या काळात संपले: चॅटम रेल, चॅटम फर्नबर्ड, चॅटम बेलबर्ड. काळा रॉबिन त्यांच्याच वाटेवर होता.

पक्षी लहानसा, जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा, वजन पंचवीस ग्रॅमच्या आत. नर-मादी दोघंही चोचीपासून नखापर्यंत काळी. युरोपातल्या तांबड्या छातीच्या रॉबिनशी त्याचं नातं नाही; घरापासून दूर गेलेल्या इंग्रजांनी दिसेल त्या गोलमटोल पक्ष्याला हे नाव देऊन टाकलं, त्यात आपला दयाळही सुटला नाही. काळ्या रॉबिनचं सारं आयुष्य दाट झाडीच्या सावलीत, जमिनीलगत जातं. पाचोळा उलटून अळ्या, झुरळं, गांडुळं खायची. वाऱ्यापासून आडोसा असलेल्या ढोलीत किंवा वेलींच्या गुंत्यात घरटं करायचं. दोन अंडी घालायची. माणसाची भीती नाही, कारण जमिनीवरून चालत येऊन खाणारा प्राणी त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलाच नव्हता. त्याला उडता येतं, तरी उघडा समुद्र ओलांडायला तो धजत नाही. समोरचं बेट दिसत असलं तरी त्याच्या लेखी ते नसतंच.

१८७२ साली वॉल्टर बुलर यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, ती मांगेरे नावाच्या छोट्या बेटावरून आणलेल्या नमुन्यांवरून. पुढे त्या बेटावर सशांचा उपद्रव झाला, म्हणून सशांवर उतारा म्हणून मांजरं सोडली गेली. मांजरांनी पक्षी संपवले. त्यानंतर काळा रॉबिन एकाच ठिकाणी राहिला: मांगेरेच्या शेजारच्या लिटल मांगेरेवर. त्याला बेट म्हणायचं ते समुद्रातून वर आलेलं आहे म्हणून. खरं तर तो चहूबाजूंनी तुटलेला एक सुळका आहे. माथ्यावर थोडीशी झाडी, खाली उभे कडे आणि लाटा. तिथे मांजर पोचलं नाही, मेंढी पोचली नाही, आणि वर्षानुवर्षं पक्षीअभ्यासकही पोचला नाही. १९३८ साली चार्ल्स फ्लेमिंग आणि त्यांचे सोबती कडा चढून वर गेले, तेव्हा कुठे पक्षी शाबूत असल्याची खात्री पटली.

एक अख्खी जात सत्तर-ऐंशी वर्षं एका सुळक्याच्या डोक्यावर काढते, हे वाचताना नवल वाटतं. पण त्या सुळक्याचीही मर्यादा होती. माथ्यावरची झाडी खारा वारा आणि वेलींच्या ओझ्याखाली खचत चालली होती. त्यात शिअरवॉटर या समुद्री पक्ष्याची गुबगुबीत पिल्लं खाण्यासाठी गोळा करण्याचा तिथला जुना रिवाज. त्यासाठी हेलिकॉप्टर उतरायला जागा हवी म्हणून माथ्यावरची काही झाडं तोडली गेली. एवढ्याशा जंगलाला तेवढं छिद्रही मोठं. वारा आत घुसला आणि झाडी आतून वाळू लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वन्यजीव खात्याच्या लोकांनी पक्षी मोजले तेव्हा ते वीसच्याही आत होते. १९७६ साली उरले सात.

या टप्प्यावर डॉन मर्टन यांचं नाव येतं. न्यूझीलंडच्या वन्यजीव खात्यातला हा माणूस शिकला होता तो एका पराभवातून. १९६४ साली स्टुअर्ट बेटाजवळच्या बिग साउथ केप या बेटावर उंदीर पोचल्याची बातमी आली. उंदरांनी पक्षी संपतात, हे तेव्हाचे काही जाणते शास्त्रज्ञ मानायलाच तयार नव्हते. आधी अभ्यास करू, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. मर्टन आणि त्यांचे वरिष्ठ ब्रायन बेल तिथे गेले आणि हाताला लागले तेवढे पक्षी पकडून शेजारच्या बेटांवर नेले. छत्तीस सॅडलबॅक वाचले आणि ती उपजात टिकली. बुश रेन हा इवला पक्षी, एक पाणलावा आणि एक वटवाघूळ मात्र कायमचे गेले. 'अजून पुरावा हवा' असं म्हणत थांबण्याची किंमत मर्टन यांनी तिथे डोळ्यांनी पाहिली. पुढच्या आयुष्यात ते उतावळे ठरले असतील, पण त्या घाईचं मूळ इथे आहे.

सात पक्षी त्या सुळक्यावर ठेवणं म्हणजे ते मरण्याची वाट पाहणं, हे उघड होतं. १९७६ सालच्या सप्टेंबरात पाच आणि पुढच्या वर्षी उरलेले दोन पक्षी पकडून, खोक्यांत घालून, दोरांच्या आधारानं कड्यावरून खाली आणून शेजारच्या मांगेरेवर सोडले गेले. तिथली मांजरं केव्हाच संपली होती, १९६८ साली मेंढ्याही हलवल्या होत्या, आणि वाऱ्याला अडवण्यासाठी अकेआके या स्थानिक झाडाची एक लाखावर रोपं लावण्याचं काम सुरू होतं. सगळं शिस्तीत झालं. पक्षी रुळले. पण पिल्लं फारशी वाढली नाहीत, वयस्कर पक्षी एकेक करून गेले आणि आकडा सातावरून पाचावर आला.

ओल्ड ब्लूचा जन्म १९७० सालचा. साधारण काळा रॉबिन पाच-सहा वर्षं जगतो; म्हणजे या हिशेबानं ती म्हातारपणही ओलांडून गेलेली. लिटल मांगेरेवर असताना तिच्या संसारातून काही निष्पन्न झालं नव्हतं. मांगेरेवर आल्यावर तिनं जुना नर सोडला आणि ओल्ड यलोशी जोडी केली. तिनं असं का केलं हे विचारण्यात अर्थ नाही, पण एका मादीच्या या निवडीवर सबंध जात तगली, एवढं खरं.

आता प्रश्न असा होता: दोन अंडी घालणारी, वर्षाला एकदाच पिल्लं वाढवणारी एकच मादी, तीही म्हातारी. तिच्या उरलेल्या एक-दोन हंगामांत किती पिल्लं पदरात पडणार?

निसर्गानं इथे एक फट ठेवलेली आहे. अनेक पक्ष्यांप्रमाणे काळ्या रॉबिनची अंडी हंगामाच्या सुरुवातीला गेली, तर मादी हातपाय गाळून बसत नाही. ती नवं घरटं बांधते आणि पुन्हा अंडी घालते. मर्टन यांनी ठरवलं की पहिली अंडी आपणच चोरायची, ती दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायची आणि ओल्ड ब्लूला पुन्हा अंडी घालू द्यायची. लहानपणी त्यांनी आजीच्या घरी पिंजऱ्यातल्या कॅनरीला गोल्डफिंचचं पिल्लू वाढवताना पाहिलं होतं. आपल्याकडे तर हे कुणाला समजावून सांगायची गरजच नाही. कोकिळेचं पोर भरवणारी कावळी दर पावसाळ्याच्या तोंडाला दिसतेच. फरक इतकाच की कोकिळेची लबाडी असंख्य पिढ्यांत घासूनपुसून तयार झालेली असते, आणि इथे ती माणसाला एका हंगामात, जगातल्या शेवटच्या अंड्यांवर जमवायची होती.

पहिली दाई निवडली ती मांगेरेवरच राहणारी चॅटम वॉर्बलर. १९८०च्या हंगामात रॉबिनची अंडी तिच्या घरट्यात ठेवली. तिनं ती आपली समजून उबवली, पिल्लं बाहेर आली, तिनं भरवायलाही सुरुवात केली. पण वॉर्बलर म्हणजे रॉबिनच्या निम्म्याहून लहान जीव. आठ-दहा दिवसांनंतर पिल्लांची भूक तिच्या आवाक्याबाहेर गेली. अंडी उबवण्यापुरती दाई चालत होती, पिल्लं मोठी करायला चालत नव्हती.

मग नजर गेली चॅटम टिट या पक्ष्याकडे. हा रॉबिनच्याच कुळातला, जवळपास त्याच्याच चणीचा. अडचण एकच, तो राहत होता रंगातिरा बेटावर. म्हणजे अंडी उबेत ठेवून, होडीतून, चॅटमच्या समुद्रावरून न्यायची. तीही नेली गेली. टिटच्या जोडप्यांनी अंडी उबवली, पिल्लं पंख फुटेपर्यंत भरवली. योजना जमली असं वाटलं.

आणि मग कळलं की पिल्लू वाढवणं म्हणजे पोट भरणं एवढंच नसतं. टिटच्या घरात वाढलेले रॉबिन स्वतःला टिट समजू लागले. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये पिल्लू गाणं ऐकून शिकतं, आणि पुढे जोडीदार कुणाला मानायचं हेही घरट्यातल्या दिवसांतच बरंचसं ठरतं. हे नर मोठे होऊन टिटची गाणी गाऊ लागले, टिटच्या माद्यांमागे फिरू लागले. काही संकरित पिल्लंही झाली. पाच पक्ष्यांवरून सुरू केलेल्या जातीसाठी हा धोका उंदरांपेक्षा कमी नव्हता. तेव्हा वेळापत्रकात आणखी एक फेरी घातली गेली: टिटनं पिल्लं बऱ्यापैकी वाढवली की उडायच्या आधी ती परत रॉबिनच्या घरट्यात आणून ठेवायची, म्हणजे शेवटचे दिवस ती आपल्या जातीचं गाणं ऐकत काढतील. अंडी एका बेटावरून दुसऱ्यावर, पिल्लं एका घरट्यातून दुसऱ्यात, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाच्या पायात कडं. घरट्यांना निवारा म्हणून लाकडी पेट्या. कोणत्या मादीनं कोणत्या तारखेला कोणतं अंडं घातलं, ते कुठे फुटलं, पिल्लाचा बाप कोण, हे सगळं वहीत. त्या वह्या तेव्हा निव्वळ कामाची गरज म्हणून लिहिल्या जात होत्या; त्यांचा खरा उपयोग तीस वर्षांनी झाला.

ओल्ड ब्लू १९८३-८४च्या उन्हाळ्यानंतर दिसली नाही. ती चौदाच्या घरात होती. तिच्या जाण्याची सरकारी घोषणा झाली आणि बातमी जगभर छापून आली. एखाद्या रानपाखराच्या मृत्यूची अशी दखल क्वचितच घेतली गेली असेल. तोवर तिची मुलं-नातवंडं संसाराला लागली होती. रॉबिनची दुसरी वसाहत रंगातिरावर उभी राहत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संख्या शंभरावर गेली, आणि घरट्या-घरट्यातली ती लुडबूड थांबवण्यात आली.

ठरलेली गोष्ट इथे संपते.

ओल्ड ब्लू गेली त्याच सुमाराला काम करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. काही माद्या घरट्याच्या वाटीत अंडं घालण्याऐवजी ते घरट्याच्या काठावर घालत. मादी आत बसून उरलेलं अंडं उबवी, काठावरचं तसंच थंडगार पडून राही. पक्ष्यांना आपलं अंडं आत ओढून घेण्याची अक्कल असतेच असं नाही. वरून पाहताना आपल्याला जे सरळ दिसतं ते त्या जिवाला दिसत नाही. तसं सोडून दिलेलं एकही अंडं कधी फुटलं नाही. म्हणून कार्यकर्ते दिसलं की ते बोटानं अलगद आत सरकवत. सरकवलेल्या अंड्यातून धडधाकट पिल्लू निघे. इतकं साधं काम, इतका मोठा लाभ. कुणीही तेच केलं असतं.

पण दर हंगामात काठावरची अंडी वाढत गेली. १९८९ साली निम्म्याहून अधिक माद्या निदान काही अंडी काठावर घालत होत्या.

याचा उलगडा २०१३ साली झाला. मेलानी मसारो आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या वह्यांतून सगळ्या जातीची वंशावळ उभी केली. मर्टनही या शोधनिबंधाचे एक लेखक आहेत. तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. रानातल्या एखाद्या जातीतल्या जवळपास प्रत्येक जिवाचे आई-बाप माहीत आहेत, अशी उदाहरणं फार थोडी. या वंशावळीवर काठावर अंडी घालणाऱ्या माद्या मांडून पाहिल्या, तेव्हा चित्र योगायोगाचं दिसेना. ही खोड वारशानं उतरत होती, आणि सर्वांत चांगला मेळ बसत होता तो एका प्रभावी जनुकाशी. प्रभावी म्हणजे ते आईकडून किंवा बापाकडून, कुठूनही एकदा आलं तरी पुरे. बाप अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्यात ते असलं तरी दिसत नाही; तो ते निमूट लेकीला देतो.

रानात अशा जनुकाचा टिकाव लागत नाही. जी मादी अंडी काठावर घालते तिची पिल्लं कमी, तिच्या पिल्लांची पिल्लं आणखी कमी, काही पिढ्यांत खोड विरून जाते. मात्र मोजक्या पक्ष्यांपासून पुन्हा सुरुवात झाली की नशिबानं ती उगाचच जास्त पसरू शकते, आणि त्यावर कुणी अंडी आत ढकलत राहिलं, तर तिला लागणारा लगामच सुटतो. काठावर घालणारी आणि वाटीत घालणारी, दोघींची पिल्लं सारखीच जगतात. दर वर्षी प्रेमानं अंडं आत सरकवणारा हात नकळत त्या खोडीचीच पैदास करत होता. हे असंच आणखी काही पिढ्या चाललं असतं आणि सगळ्याच माद्यांत ते जनुक पक्कं झालं असतं, तर काळा रॉबिन माणसाच्या बोटाशिवाय जन्मालाच येऊ शकला नसता. रेशमाच्या किड्याचं हेच झालं आहे. हजारो वर्षं माणसानं सांभाळलेल्या त्याच्या पतंगाला धड उडता येत नाही; रानात सोडला तर तो वंश वाढवू शकत नाही. रेशीम हवं असलेल्या माणसाची त्याला हरकत नाही. पण रॉबिनला वाचवणाऱ्यांना तो रानातला पक्षी म्हणूनच हवा होता.

मग चुकलं का? मला वाटतं, नाही. १९८४ साली पक्षी मोजके होते. एका वादळात सगळं संपलं असतं. तेव्हा काठावरचं अंडं तत्त्वासाठी सोडून देणं हा निव्वळ मूर्खपणा ठरला असता. पण १९८९ साली शंभर पक्षी असताना तेच बोट तसंच चालू राहिलं असतं, तर मूर्खपणा दुसऱ्या बाजूचा झाला असता. हस्तक्षेप थांबला तो काही या जनुकाच्या धास्तीनं नव्हे. तेव्हा त्याचा वारसा कुणी सिद्ध केलेला नव्हता. थांबला तो संख्या पुरेशी झाली म्हणून. या योगायोगातूनच ही जात वाचली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. अंडी सरकवणं बंद झालं आणि दोन दशकांत, २०११पर्यंत, काठावर अंडी घालणाऱ्या माद्या नऊ टक्क्यांवर आल्या. निवड करण्याचं काम रानानं परत हाती घेतलं होतं.

मर्टन यांच्या पुढच्या कामातही हे पुन्हा दिसतं. न्यूझीलंडचा न उडणारा जाडजूड पोपट काकापो १९९०च्या दशकात पन्नासच्या आसपास उरला होता. माद्यांनी जास्त अंडी घालावीत म्हणून त्यांना वरचं खाणं दिलं जाई. माद्या गुटगुटीत झाल्या, आणि पिल्लांत नरच जास्त निघू लागले. चांगल्या पोसलेल्या काकापो मादीला मुलगे जास्त होतात, असं निघालं. आधीच नरांची गर्दी असलेल्या जातीला याचा काय उपयोग? पुढे प्रत्येक मादीचं वजन पाहून खुराक कमी-जास्त केला, तेव्हा मुलींचं प्रमाण सुधारलं. मदत थांबवली नाही, मोजून दिली. रॉबिनच्या बाबतीत थांबणं योग्य ठरलं, काकापोच्या बाबतीत हिशेबानं देणं. यात एकच नियम सगळीकडे लावायची सोय नाही.

    

काळ्या रॉबिनकडे परत यायचं तर त्याच्या रक्ताचा प्रश्न उरतो. एका जोडप्यापासून झालेली जात म्हणजे भावाबहिणींचं गाव. १९९०च्या दशकात त्यांच्या डीएनएचे ठसे पाहिले तेव्हा ते जवळजवळ एकसारखे निघाले. तरीही पक्षी जगत होते, वाढत होते. सुळक्यावरच्या त्या ऐंशी वर्षांत घातक जनुकं असलेले पक्षी मरून गेले असावेत आणि उरलेले निर्मळ निघाले असावेत, असा तेव्हा एक तर्क होता. तर्क देखणा आहे. पण पुढे त्याच वंशावळीवरून दुसऱ्या संशोधकांनी हिशेब केला तेव्हा तशा सफाईचा काही पुरावा मिळाला नाही. जास्त जवळच्या नात्यातून झालेली पिल्लं कमी जगत होती. म्हणजे जात टिकली ती रक्त शुद्ध झालं म्हणून नव्हे, तर तोटा सोसूनही.

आता ती दोन बेटांवर आहे: बहुतेक पक्षी रंगातिरावर, थोडे मांगेरेवर. एकाच बेटावर एखाद्या बोटीतून उंदीर उतरला तर काय होतं, हे बिग साउथ केपनं शिकवलेलं असल्यामुळे तिसरं घर शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००० नंतर शेजारच्या पिट बेटावर झाडीचा एक तुकडा कुंपण घालून मांजरांपासून आणि वेका या पक्ष्यापासून सुरक्षित केला आणि तिथे रॉबिन सोडले. ती वसाहत टिकली नाही. पुन्हा प्रयत्न होतील. तेव्हा नव्या बेटावर पाठवायला मूठभर पक्षी निवडावे लागतील, आणि मूठभर पक्ष्यांपासून सुरुवात केली की नशीब पुन्हा मोठं काम करणार. त्यामुळे निवड करणाऱ्यांना वजन आणि वय पाहून भागायचं नाही. पक्षी नर असला तरी त्याच्या आईनं आणि आजीनं अंडी वाटीत घातली होती की काठावर, हे वहीत शोधावं लागेल. आणि तिथल्या पहिल्या हंगामात, दहा-बारा पक्षी असताना, एखादं अंडं काठावर दिसलंच, तर ते आत सरकवायचं की नाही हे आधीच ठरवून निघावं लागेल.